रात्रीचा माल आणि वैमानिकाची झोप

रात्रपाळी म्हणजे काय, हे भिवंडीकरांना समजावून सांगणे म्हणजे कोळ्याला खाडी दाखविण्यासारखे आहे. ज्या गावात माग बारा तास एकाच्या हातून आणि बारा तास दुसऱ्याच्या हातून चालतो, एकाच खोलीत दिवसा एक टोळी झोपते आणि रात्री त्याच जागेवर दुसरी, जिथे बिशीतले जेवण पाळीच्या भोंग्यावर ठरते, त्या गावापुढे झोपेविषयी बोलताना वक्त्याचे अर्धे काम आधीच झालेले असते. दुसऱ्या एखाद्या गावी मला हा विषय घेण्यास संकोच वाटला असता. मालवाहू विमानाचा वैमानिक परगावी कसा झोपतो, ह्याच्याशी आमचा काय संबंध, असे तेथील श्रोत्यांनी विचारले असते.

संबंध असा. आपल्या गावाभोवती मानकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे ह्या बाजूंना गोदामांची जी वस्ती झाली, तिचे एक कारण जुन्या जकातीत आहे. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात द्यावी लागे. म्हणून माल हद्दीबाहेर ठेवावा आणि लागेल तेवढाच आत न्यावा, असा व्यापाऱ्यांचा हिशेब होता. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली, पण गोदामे गेली नाहीत, उलट वाढली. आज ह्या गोदामांतून निघालेली एखादी पेटी संध्याकाळी विमानतळाकडे जाते, रात्री उडते आणि दुसऱ्या दिवशी कोलकात्यात किंवा चेन्नईत कोणाच्या तरी दारात असते. घेणारा म्हणतो, 'एका रात्रीत आले.' ती एक रात्र कोणाची तरी असते. पेटी निजते, रात्र जागून काढतो तो वैमानिक.

प्रवासी विमाने बहुतांशी दिवसाची आणि मालवाहू विमाने बहुतांशी रात्रीची, ही वाटणी कोणाच्या लहरीने झालेली नाही. दुकानदार दिवसभर माल विकतो, संध्याकाळी बांधतो. घेणाऱ्याला तो सकाळी हवा असतो. म्हणजे वाहतुकीला उरते ती मधली रात्र. शिवाय वाटेत एक अडचण आहे. दहा गावांतून दहा गावांना माल पाठवायचा तर प्रत्येक जोडीसाठी वेगळे विमान उडविणे परवडत नाही. म्हणून सर्व विमाने मध्यरात्री एका मधल्या गावी आणायची, तेथे माल उतरवून निवडायचा, ज्याचा त्याला वाटायचा आणि पहाटेपूर्वी सर्वांनी परत फिरायचे.

ही युक्ती अमेरिकेची, असे आपण आता ऐकतो. मेम्फिस ह्या गावाहून १९७३ च्या एप्रिलमध्ये फेडरल एक्सप्रेस कंपनीने चौदा लहान विमानांनिशी असाच व्यवसाय सुरू केला व तो जगभर गाजला. परंतु त्याच्या चोवीस वर्षे आधी ही गोष्ट आपल्या नागपूरला चालू होती, हे महाराष्ट्रातच पुष्कळांना ठाऊक नसते. १९४९ साली रफी अहमद किडवाई दळणवळण खात्याचे मंत्री असताना रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास ह्या चार शहरांतून रात्री डाकोटा विमाने निघत आणि मध्यरात्रीनंतर सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेच्या सुमारास विमाने परत आपापल्या शहरी जात. त्याच वर्षी देशातली साधी पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्यास आरंभ झाला होता. तेव्हा मुंबईत संध्याकाळी पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात मिळू लागले, ते ह्या नागपूरच्या मध्यरात्रीमुळे. ही सेवा सत्तरीच्या दशकाच्या प्रारंभापर्यंत चालली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने नागपूरच्या व्यवस्थेतला एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. डाकोटाचा वेग ताशी अडीचशे-तीनशे किलोमीटरच्या आसपास. मुंबई-नागपूर अंतर हवाई मार्गाने सुमारे सातशे किलोमीटर. म्हणजे जायला अडीच-तीन तास, तेथे थैल्या वाटण्यात वेळ, आणि यायला अडीच-तीन तास. मुंबईचा वैमानिक सकाळी मुंबईस परत येई. रात्र जागून काढावी लागे खरी, पण सकाळी अंग टाकायचे ते स्वतःच्या घरच्या अंथरुणावर. पुढे विमाने वेगवान झाली, पल्ले लांबले आणि एकाच रात्रीत दोन-तीन शहरे गाठणे शक्य झाले. तसतसे वैमानिकाने रात्र जिथे संपेल तिथेच उतरून झोपावे आणि पुढल्या रात्री तेथूनच निघावे, ही पद्धत रूढ झाली. ह्या परगावच्या थांब्याला आपण मुक्काम म्हणू. विमान चांगले झाले आणि वैमानिकाचे अंथरूण मात्र परक्याचे झाले.

आता हा मुक्काम तासांच्या हिशेबाने पाहू. समजा एक वैमानिक पहाटे पाच वाजता मुंबईस उतरला. विमान उभे करणे, कागदपत्रे, सह्या, ह्यांत साडेपाच वाजले; येथे त्याचे काम संपले आणि कागदावर विश्रांती सुरू झाली. गाडी मिळून हॉटेलात पोचेपर्यंत सव्वासहा. अंघोळ, काही खाणे, घरी फोन. सात वाजता तो पडला. आपल्या देशातल्या नियमाप्रमाणे दोन उड्डाणकामांच्या मधली विश्रांती मागच्या कामाच्या कालावधीइतकी किंवा बारा तास, ह्यांत जे अधिक असेल तेवढी असावी लागते. पूर्व-पश्चिम दूरचा प्रवास झाला असेल तर त्याहूनही अधिक. तेव्हा संध्याकाळी साडेपाचला त्याला पुन्हा हजर राहता येते, म्हणजे पावणेपाचला हॉटेल सोडावे लागते. बारा तासांतले दीड तास असे आधीच गेले. तरी साडेदहा उरतात, मग तक्रार कसली, असे एखादा हिशेबी माणूस विचारील. तो हिशेब तासांचा झाला. झोपेचा हिशेब वेगळा आहे, आणि तो समजण्यासाठी लाजाळूच्या झाडाकडे जावे लागेल.

लाजाळूची पाने रात्री मिटतात आणि दिवसा उघडतात, हे आपण परसात पाहिलेले आहे. १७२९ साली द मेरां नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचे रोप अंधाऱ्या जागी बंद करून ठेवले. ऊन दिसत नसतानाही पाने सकाळी उघडत आणि संध्याकाळी मिटत. म्हणजे दिवस उगवल्याची वार्ता रोपाला बाहेरून येत नव्हती. ती त्याच्या आतच होती. पुढे हीच गोष्ट माणसालाही लागू पडते असे दिसून आले. १९३८ साली शिकागोचे प्राध्यापक क्लाइटमन आपल्या एका विद्यार्थ्याला घेऊन अमेरिकेतल्या मॅमथ नावाच्या प्रचंड गुहेत बत्तीस दिवस राहिले. तेथे ना ऊन, ना चांदणे. त्यांनी अठ्ठावीस तासांचा 'दिवस' पाळण्याचे ठरविले. तरुण विद्यार्थ्याच्या शरीराने तो मानला. चाळिशी ओलांडलेल्या प्राध्यापकांच्या शरीराने मानला नाही. त्यांच्या अंगाचे तापमान चोवीस तासांच्या आपल्या जुन्या चालीनेच वरखाली होत राहिले. हे आतले घड्याळ पेशींत कसे चालते ते शोधून काढल्याबद्दल २०१७ साली तिघा शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ह्या घड्याळाची दोन लक्षणे वैमानिकाला नडतात. पहिले असे की पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान शरीर आपला कारभार अगदी मंद करते. अंगाची उष्णता सर्वांत खाली येते, लक्ष विस्कळीत होते, हात उशिरा हलतो. मागावर बसणाऱ्यास हे ठाऊक आहे. तुटलेला धागा रात्री दहाला जसा चटकन दिसतो तसा पहाटे चारला दिसत नाही. मालवाहू विमान नेमके ह्याच वेळी खाली उतरते. दुसरे लक्षण ह्याहून खोडसाळ. सकाळ झाली की अंगाची उष्णता चढू लागते, आणि चढत्या उष्णतेत झोप टिकत नाही. रात्रभर जागलेला माणूस सात वाजता गाढ पडतो, आणि अकरा-साडेअकराला काही कारण नसताना टक्क जागा होतो. पडदे लावलेले असतात, दारावर पाटी असते, तरी.

अमेरिकेच्या नासा ह्या संस्थेने रात्रीच्या मालवाहू वैमानिकांचीच प्रत्यक्ष उड्डाणांच्या काळात पाहणी केली. त्यांची दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा सरासरीने सुमारे तीन तासांनी कमी भरली, आणि ती हलकी व विसावा न देणारी असल्याचे त्यांनी स्वतःच नोंदविले. रात्रीमागून रात्र काम केले तरी आतले घड्याळ पूर्णपणे उलटे फिरले नाही. थोडेसे सरकले आणि अडून बसले. सवयीने सर्व होते, हे जे आपण सहजपणे म्हणतो, ते ह्या बाबतीत खरे नाही. वीस वर्षे रात्रपाळी केलेल्या मनुष्याला सवय होते ती न झोपण्याची.

आता आपल्या उदाहरणातला वैमानिक साडेअकराला जागा झाला आहे. बाहेर रहदारी, खाली कोणाच्या तरी लग्नाचा बँड, शेजारच्या खोलीत झाडलोट. न्याहारीची वेळ टळलेली, जेवणाची झालेली, आणि त्याच्या पोटाला दोन्ही नको. पुन्हा झोपायचा प्रयत्न, मग पंख्याकडे बघणे. साडेपाचला तो हजर होतो, सातला उडतो, एक शहर करतो, दुसरे करतो आणि पहाटे दोनला उतरतो. त्या क्षणी त्याला जागे होऊन साडेचौदा तास झालेले असतात, आणि मागे झोप होती साडेचार तासांची. नियमाचा एकही तास कोणी चोरलेला नाही.

पुष्कळांना वाटते की परगावचा मुक्काम म्हणजे कंपनीच्या खर्चाने सहल. तसे दिवस असतात. पण रात्रीच्या वैमानिकाला गाव दिसते ते गाडीच्या काचेतून, आणि तेही दोनदा: एकदा उजाडताना, एकदा मावळताना. जाणते वैमानिक मुक्कामाचा विधी ठरवून घेतात. खोली रस्त्याच्या बाजूची नको, लिफ्टशेजारची नको. पडद्याची फट चिमट्याने बंद करायची. उतरल्यावर ऊन डोळ्यांवर पडू नये म्हणून काळा चष्मा, कारण सकाळचे ऊन हीच आतल्या घड्याळाची किल्ली. चहा-कॉफी उतरण्यापूर्वी काही तास बंद. झोप आली नाही तरी अंधारात पडून राहायचे, आणि निघण्यापूर्वी पुन्हा तासभर डोळा लागतो का पाहायचे. आपल्याकडच्या वामकुक्षीची जी थट्टा होते, तिला येथे शास्त्राचा आधार आहे. नासाच्याच दुसऱ्या एका प्रयोगात लांबच्या उड्डाणात, सहकारी जागे असताना, वैमानिकाला आसनावरच चाळीस मिनिटे विसावा दिला. प्रत्यक्ष झोप लागली सरासरी सव्वीस मिनिटे. तेवढ्याने पुढच्या उतरणीपर्यंत त्याची तल्लखता, विसावा न घेतलेल्यांच्या मानाने, स्पष्टपणे चांगली राहिली.

परंतु डुलकी हे दुधारी शस्त्र आहे. गाढ झोपेतून उठलेल्या माणसाचे डोळे उघडतात आणि बुद्धी मागून येते. मध्ये काही मिनिटे अशी जातात की तो बोलतो, चालतो, पण निर्णय कच्चे घेतो. २२ मे २०१० रोजी सकाळी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून पुढे गेले व दरीत कोसळले. १५८ माणसे गेली, आठ वाचली. ते प्रवासी विमान होते, मालवाहू नव्हे. पण रात्र तीच होती. त्याच चमूने रात्री मंगळूरहून दुबईला जाऊन, मुक्काम न करता, पहाटे परत यायचे होते. चौकशीत असे आढळले की मुख्य वैमानिक परतीच्या वाटेवर दीड तासाहून अधिक काळ झोपलेला होता. ध्वनिमुद्रणात त्याच्या घोरण्याचा आवाज होता. उठल्यावर त्याने विमान फार उंचावरून खाली आणले. सहवैमानिक पुन्हा वर घेण्यास सांगत होता. नुसती अर्धवट झोप हे एकच कारण नव्हते, पण चौकशीने ते कारणांत धरले आहे.

मालवाहू विमानांच्या बाबतीत थकवा हे अपघाताचे कारण म्हणून अमेरिकेच्या अपघात-चौकशी मंडळाने पहिल्यांदा ठरविले ते १९९३ सालच्या ग्वांटानामोच्या अपघातात. त्या विमानावरचे लोक रात्रीची उड्डाणे संपवून मोकळे होणार होते, तोच त्यांना आणखी एक खेप सांगण्यात आली. विमान कोसळले तेव्हा मुख्य वैमानिक तेवीस तासांहून अधिक जागा होता. नशीब एवढेच की तिघेही वाचले.

दुसरा प्रसंग असा सुदैवी नव्हता. १४ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे पाचच्या थोडे आधी यूपीएस कंपनीचे एक मोठे मालवाहू एअरबस विमान लुइव्हिलहून बर्मिंगहॅम ह्या गावी उतरत होते. मोठी धावपट्टी दिव्यांच्या कामासाठी बंद होती, म्हणून आखूड धावपट्टीवर, मार्गदर्शनाची साधने कमी असलेल्या पद्धतीने उतरायचे होते. विमान ठरलेल्या उंचीच्या खाली गेले, ते दोघांच्याही वेळेत ध्यानात आले नाही, आणि धावपट्टीच्या अलीकडच्या टेकाडावर ते आदळले. दोघेही वैमानिक मरण पावले. चौकशीत दोघांच्याही थकव्याचा उल्लेख आहे. सहवैमानिक बाईंनी मिळालेल्या मोकळ्या वेळेत पुरेशी झोप घेतलेली नव्हती, असेही त्यात म्हटले आहे. तेव्हा सगळा दोष वेळापत्रकाच्या माथी मारता येणार नाही. मुक्काम मिळणे आणि मुक्कामात झोपणे, ह्या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरीची जबाबदारी वैमानिकाचीच.

मात्र ह्या अपघातातील एक गोष्ट मनातून जात नाही. उड्डाणापूर्वी ते दोघे कॉकपिटमध्ये बोलत होते आणि ते ध्वनिमुद्रणात राहिले. विषय होता विश्रांतीच्या नव्या नियमांचा. २००९ साली बफेलो येथे प्रवासी विमान पडून पन्नास माणसे मेल्यावर अमेरिकेने वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम केले: उड्डाणापूर्वी दहा तास मोकळे, आणि त्यांत आठ तास झोपेची संधी. ते २०१४ च्या जानेवारीपासून लागू झाले. परंतु त्यांतून मालवाहू वैमानिकांना वगळण्यात आले. कारण असे दिले की खर्चाच्या मानाने लाभ थोडा. मालाच्या विमानात मरणारी माणसे दोन-तीनच असतात, हा त्या त्रैराशिकाचा अर्थ. सर्वांना एकच नियम हवा, असे ते दोघे त्या रात्री एकमेकांना म्हणत होते. त्यानंतर थोड्याच वेळाने टेकाड आले. ही वजाबाकी मला बरोबर वाटत नाही. विमान ज्या वस्तीवरून खाली येते, ती वस्ती त्या गणितात कोणी धरली होती?

आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ च्या जानेवारीत नियम कडक केले. आठवड्याची सलग विश्रांती छत्तीस तासांवरून अठ्ठेचाळीस तास झाली. 'रात्र' पूर्वी पहाटे पाचला संपत असे, ती सहापर्यंत नेली. हा एक तास क्षुल्लक वाटतो, पण तो शरीराच्या सर्वांत मंद घटकेतला आहे. रात्रीच्या कामात किती वेळा उतरावे ह्यावरही मर्यादा आली. हे सर्व अमलात यायला २०२५ चे जुलै आणि नोव्हेंबर उजाडले, तेही न्यायालयात प्रकरण गेल्यावर. आणि डिसेंबरात देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा रात्रीच्या नियमांतून तिला तात्पुरती सवलत द्यावी लागली. प्रवासी विमानतळावर अडकून पडले, वृत्तपत्रांत ओरड झाली. त्या ओरडीत, हे वैमानिक आजवर किती झोपत होते, असे विचारणारा आवाज फार बारीक होता.

आता विमानतळावरून परत गोदामाकडे येऊ. ती पेटी विमानात चढण्यापूर्वी आणि उतरल्यानंतर ट्रकमध्ये असते. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकासाठी दिवसाला आठ तास काम, पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा, आणि एका दिवसाचे काम संपून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग नऊ तासांची सुटी सांगितली होती. वैमानिकांचे नियम आज जेथे पोचले, त्याच विचाराचा हा कायदा, आणि तो साठ वर्षांहून जुना. आकाशातल्या नियमामागे उड्डाणाची नोंदवही आहे, ती तपासणारा अधिकारी आहे, आणि 'मी थकलो आहे, उडणार नाही' असे वैमानिकाने कळविण्याची रीत आहे. नाशिक रस्त्यावरून रात्रभर ट्रक हाकून पहाटे आलेला चालक मानकोलीजवळच्या रांगेत इंजीन बंद करतो आणि केबिनमधल्या फळीवर आडवा होतो. त्याचा नंबर केव्हा लागेल हे त्याला कोणी सांगितलेले नसते. उन्हाने पत्रा तापत जातो. मग कोणीतरी येऊन दारावर थाप मारतो: गाडी पुढे घे. तो पंचवीस हात पुढे घेतो आणि पुन्हा आडवा होतो. असे सकाळपासून चार-पाच वेळा होते, आणि माल उतरला की त्याच रात्री त्याला परत निघायचे असते.